‘राहिलो’ या शब्दाचा अर्थ

अकोल्याच्या व्याख्यानमालेचं पत्र यंदाही आलं. विषय मागच्याच वेळचा सुचवला आहे : कायद्याचं शिक्षण घेतलेल्या माणसाला साहित्याचा अर्थ जास्त चांगला लावता येतो का. खाली सचिवांनी हातानं लिहिलंय, ‘मागील खेपेस श्रोत्यांना फार आवडले होते, तोच विषय अधिक विस्ताराने मांडावा.’ पत्र येऊन आठवडा झाला. नाही म्हणायचं ठरलेलं आहे, कारण काय लिहायचं ते ठरत नाही. प्रकृतीचं कारण आमच्या वयात कोणीही मान्य करतं. पण माझी प्रकृती उत्तम आहे, आणि मी अमरावतीत रोज सकाळी ज्यांच्याबरोबर फिरतो त्यांतले तिघं सचिवांच्या नात्यातले आहेत.

खरं कारण पोस्टकार्डावर मावणारं नाही, म्हणून इथे लिहितो.

मी अडतीस वर्षं अमरावतीत दिवाणी वकिली केली. वाटण्या, वहिवाटी, मृत्युपत्रं. हे काम मुख्यतः शब्दांचं असतं. एका मृत्युपत्रातल्या ‘आणि’ या शब्दावर आम्ही दोन्ही बाजूंच्या वकिलांनी मिळून सहा वर्षं काढली. निकाल लागला तेव्हा ‘आणि’च्या अलीकडचा भाऊ नव्हता आणि पलीकडचाही नव्हता. कोर्टातून आल्यावर मी कविता वाचायचो. वकिलांत कविता वाचणारे कमी, त्यामुळे मला या क्षेत्रात स्पर्धा नव्हती. हळूहळू माझ्या नावामागे ‘साहित्यिक’ असं लागायला लागलं. माझं लेखन म्हणाल तर सगळं कैफियती आणि अर्ज, आणि तेही बहुतेक मुदतीनंतर दाखल केलेले.

माझा मित्र मात्र खरा मराठीचा माणूस होता. आम्ही अमरावतीला कॉलेजात एकाच खोलीत राहत होतो. तो हिवरखेडकडच्या खेड्यातून आलेला, बोलणं अस्सल तिकडचं. पहिल्याच महिन्यात मराठीच्या तासाला प्राध्यापकांनी त्याला विचारलं, “काय चाललंय मागच्या बाकावर?” हा उभा राहून म्हणाला, “सर, लिहून राहिलो.” प्राध्यापक पुण्याचे होते. म्हणाले, “लिहून कुठे राहिलास? कोणाकडे?” सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगतो : आमच्याकडे ‘लिहून राहिलो’ म्हणजे ‘लिहितो आहे’. काम चालू आहे, संपलेलं नाही. पुस्तकी मराठीत ‘लिहून’ म्हटलं की लिहिणं आटोपलं, आणि मग माणूस राहिला, म्हणजे मुक्काम केला किंवा मागे उरला. शब्द तेच, पण एकीकडे गोष्ट चालू असते आणि दुसरीकडे संपलेली.

त्या दिवसानंतर वर्षभरात त्यानं बोलणं असं धुऊन काढलं की दिवाळीला घरी गेला तर आई म्हणाली, “काय रे, पाहुण्यावानी काहून बोलतं?” हे त्यानंच मला परत आल्यावर सांगितलं, हसत. पुढे तो अकोल्यात शाळेत मराठीचा मास्तर झाला आणि प्राध्यापकांनी त्याचं जे केलं ते त्यानं तीसेक वर्षं पोरांचं केलं. पेपरात ‘जाऊन राहिलो’ दिसलं की लाल शाईत खाली ‘कुठे राहिलास?’ आणि अर्धा गुण कमी. त्याचे विद्यार्थी आज बँकेत, तहसिलीत, दुकानात कुठेही भेटले की एकमेकांना विचारतात, “कुठे राहिलास?” आणि हसतात.

घरातही तोच कायदा. त्याची एकुलती मुलगी लहान असताना मला म्हणाली होती, “काका, आमच्याकडे चप्पल आणि वऱ्हाडी दाराबाहेर काढून आत यावं लागतं.” सात-आठ वर्षांची असेल. तो ऐकून खूश झाला होता, वाक्य शुद्ध होतं म्हणून.

ती पुढे पुण्याला गेली, तिथेच नोकरी, तिथेच संसार. भांडण झालं ते आईच्या आजारात. मुलीचं म्हणणं, आईला पुण्याला हलवू. मास्तरचं म्हणणं, इथले डॉक्टर काय कमी आहेत, प्रवास झेपणार नाही. आठ दिवस हे चाललं आणि नवव्या दिवशी त्याची बायको गेली. सगळं गणगोत ओसरीत बसलेलं असताना मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या हट्टानं गेली ती.” तो म्हणाला, “मग या घरात तुझं काही राहिलं नाही.” दोघांची वाक्यं व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती आणि दोघांनीही ती मागे घेतली नाहीत. मुलगी त्यानंतर सहा वर्षं अकोल्याला आली नाही.

मी महिन्यातून एकदा तरी त्याच्याकडे जायचो. मुलीचा विषय काढला की तो म्हणायचा, “वकीलसाहेब, हे प्रकरण निकाली निघालंय. अपिलाची मुदत गेली.” माझीच भाषा माझ्यावर फेकायचा. मग आम्ही दुसऱ्या कशावर तरी भांडायचो.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत अकोल्याच्या एका छोट्या अंकात त्याची कविता आली. त्यानं मला सांगितलंही नव्हतं, अंक पोस्टानं आला. कविता अशी :

फाटकाची कडी घातली,
वाळलेले कपडे आत आणले,
दुधाचं भांडं पालथं केलं,
ओट्यावर खुर्ची टाकून
तुझी वाट पाहून राहिलो.

एवढीच. मी फोन केला, “मास्तर, कविता वाचली.” तो म्हणाला, “वाचली ना? बस.” आणि संत्र्याच्या बहराबद्दल बोलायला लागला. त्याला संत्र्यातलं काहीही कळत नव्हतं.

जानेवारीत माझं व्याख्यान ठरलेलं होतं. ही माझी हुशारी पाहा : मी उदाहरणाला तीच कविता घेतली. स्थानिक कवी, स्वतः श्रोत्यांत बसलेला, टाळी नक्की.

कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला. समईच्या पाचांपैकी तीन वाती पंख्यानं विझल्या आणि प्रत्येक वेळी पाहुण्यांनी नव्यानं हसून त्या लावल्या. माझा परिचय माझ्या पहिल्या खटल्यापासून सुरू झाला. शाल, श्रीफळ, आणि ज्यांना शाल द्यायची राहिली त्यांच्यासाठी दिलगिरी. मी उभा राहिलो तेव्हा अर्धे लोक दमलेले होते, पण मास्तर पहिल्या रांगेत ताठ बसला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

मी सांगितलं की वकिलाला कविता जास्त चांगली कळते, कारण तो भावनेनं वाचत नाही, दस्त वाचावा तशी वाचतो. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून ठरतो. इथे कडी घातली, कपडे आणले, भांडं पालथं केलं. तिन्ही क्रिया संपलेल्या. मग शेवटची क्रिया एकटीच चालू कशी असेल? ‘पाहून’ म्हटलं, म्हणजे पाहणं आटोपलं. ‘राहिलो’ म्हणजे मागे उरलो. फाटकाला कडी आहे, भांडं पालथं आहे. आता कोणी येणार नाही आणि आलं तरी घरात दूध नाही.

इथे लोक हसले. मी थांबून हसू दिलं.

मग मीच शंका काढली आणि मीच ती उडवली. कोर्टात असं केलं की छाप पडते. म्हटलं, कोणी म्हणेल, आपण वऱ्हाडातले, आपल्या बोलीत ‘पाहून राहिलो’ म्हणजे ‘पाहतो आहे’. पण अर्थ लावताना दस्त कोणी लिहिला ते पाहावं लागतं. या कवीनं आयुष्यभर हा प्रयोग लाल शाईनं खोडला आहे. ज्यानं पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले, तो माणूस स्वतः तोच प्रयोग कवितेत करेल हे संभवत नाही. “कुठे राहिलास, हे त्यांनीच आपल्याला शिकवलं!” सभागृहात त्याचे जुने विद्यार्थी भरलेले. टाळ्या थांबेनात. मी मास्तरकडे पाहिलं. तो समोरच्या फुलदाणीकडे पाहत होता. मग उठून पाणी प्यायला गेला आणि येऊन पुन्हा तिथेच बसला.

नंतर चहाला तो माझ्याशेजारी उभा राहिला. म्हणाला, “चांगलं बोलून राहिला होता तू.”

मला हसू फुटलं. “मास्तर! बोलून राहिला? तुमच्या तोंडी?”

“आता कोन पेपर तपासते,” तो म्हणाला. बिस्कीट बशीत तसंच ठेवलं आणि निघाला.

मी हा किस्सा परतीच्या गाडीत मूर्तिजापूरपर्यंत सोबतच्या एका वकिलाला रंगवून सांगितला.

मंडळानं व्याख्यान चित्रित करून इंटरनेटवर टाकलं. दोन आठवड्यांनी पुण्याहून मास्तरच्या मुलीचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, “काका, भाषण ऐकलं तुमचं. ती कविता माझ्यावर आहे का हो?”

“तसं दिसतं.”

“आणि तुम्ही म्हणालात तसंच आहे? म्हणजे, संपलं असं?”

मी म्हटलं, “शब्द तसे आहेत.”

“बाबा समोर बसलेले दिसले मला. ते काही बोलले नाहीत?”

“नाही.”

आता इथे मी काय करायला हवं होतं, ते मी गेलं वर्षभर रोज ठरवतो. तेव्हा मी तिला कायदा सांगितला. म्हटलं, ज्याच्या समोर त्याच्या दस्ताचा अर्थ लावला जातो आणि तो हरकत घेत नाही, त्याला तो अर्थ मान्य आहे असं धरतात.

“होळीला यायचं मनात होतं,” ती म्हणाली. “तिकीट काढून ठेवलंय. पण दारात उभं राहून परत जायचं झालं तर, काका, माझ्यानं नाही होणार ते. सांगा ना, येऊ?”

“घाई करू नकोस,” मी म्हणालो. “मी बोलतो त्याच्याशी आधी.”

“नक्की?”

“नक्की.”

मी बोललो नाही. फेब्रुवारीत एकदा अकोल्याला गेलो, पण तिथे कोणाच्या तरी मुंजीला. मार्चमध्ये कंबर धरली. शिवाय आणखी दोन ठिकाणांहून त्याच व्याख्यानाची बोलावणी आली आणि मी ती घेतली. प्रत्येक ठिकाणी कविता म्हणून दाखवली, अर्थ लावला, टाळ्या घेतल्या. होळी येऊन गेली. तिनं तिकीट रद्द केलं असणार. एप्रिलमध्ये एका दुपारी मास्तर वर्तमानपत्र वाचता वाचता खुर्चीतच गेला.

मुलगी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तेराव्याला गेलो. पंगती उठल्या, लोक गेले, आणि संध्याकाळी ओट्यावर आम्ही तिघं उरलो : मुलगी, मी आणि शेजारचा फळवाला. शेजारी मुसलमान आहे, वरूडकडून संत्री आणून विकतो, पंचवीस वर्षं भिंतीला भिंत. त्यानं येताना संत्र्यांची एक पिशवी आणली होती, ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली. मग मुलीला म्हणाला, “बेटा, तू आली ते चांगलं झालं. मास्तर लय वाट पाहत होते.”

मुलगी म्हणाली, “नाही हो चाचा. कशाला वाट पाहतील.”

“घ्या! म्या खोटं सांगून राहिलो का? रोजचं होतं त्याइचं. पाच वाजले का भांडीकुंडी करून घ्यायची. दुधाचं भांडं सोता घासत, सकाळी गवळी येते म्हणून पालथं घालून ठेवत. फाटकाले कडी घालत, तुमच्या मायची तुळस गायी खाऊन जात ना. मंग इथीसा खुर्ची टाकून बसत. पुन्याची गाडी सहाले येते टेसनावर. सातपावेतो बसत. म्या म्हनो, मास्तर, अंदर चला, मच्छर चावून राहिले. तं म्हनत, ‘थांब ना बे. वाट पाहून राहिलो ना मी.’”

मुलगी म्हणाली, “काय म्हणत?”

“वाट पाहून राहिलो म्हनत.”

“असंच? बाबा?”

“मंग कसं म्हनतीन? वऱ्हाडातला मानूस होता.” त्याला तिचा प्रश्न कळेना. “तुमची आई गेल्यापासून संग बोलाले मीच तं होतो. मायासंग का पुस्तकातलं बोलतीन का ते? पयल्या पयल्यानं बोलत. मंग सुटलं हळूहळू.”

ती माझ्याकडे पाहत नव्हती. फाटकाकडे पाहत होती. कडी बाहेरून कोणालाही हात घालून काढता येईल अशी होती. नुसती अडकवायची, गायीला उघडता येत नाही एवढीच. ती कडी मी तीस वर्षं उघडून आत येत होतो. सभागृहात तिचा अर्थ सांगताना मला हे आठवलं नव्हतं.

मी अडतीस वर्षांत कितीतरी नवख्या वकिलांना सांगितलं असेल : नुसत्या कागदावर जाऊ नका, आजूबाजूचे साक्षीदार तपासा, जागा पाहून या. मी जागा दर महिन्याला पाहत होतो. साक्षीदार मला दर वेळी संत्री सोलून देत होता. आणि कवितेच्या कर्त्यानं चहाच्या टेबलाशी, स्वतःच्या तोंडानं, माझ्या एकट्यासमोर, तो शब्द वापरून दाखवला होता. मी त्याचा किस्सा केला.

तो सभागृहात उठून का बोलला नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्याच्या पोरांनी भरलेल्या सभागृहात उभं राहून ‘मी लिहिलंय ते तुमच्यासारखं लिहिलंय’ असं म्हणायला त्याला जमलं नसेल. मला वाटतं, त्याला पुन्हा तो तास आठवला असेल, कोणाकडे राहिलास विचारणारा, आणि हसणारा वर्ग. त्या वर्गात मी होतो हे तर नक्कीच आठवलं असेल. पण हा माझा अंदाज आहे. माझ्या अंदाजांचं काय होतं ते आता सांगितलंच.

नमाजाची वेळ झाली म्हणून फळवाला उठला. जाताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि संत्र्यांची पिशवी आत नेऊन ठेव म्हणाला.

तो गेल्यावर मुलगी म्हणाली, “आमच्या घरात हा शब्द कोणी बोलायचं नाही. म्हणून मला वाटलंच नाही, काका. दुसऱ्या कोणाची कविता असती ना, तर वाचता क्षणी कळलं असतं मला. मी इथलीच आहे.”

मी म्हणालो, “मलाही कळलं असतं.”

मग तिनं विचारलं, “होळीच्या आधी तुम्ही बोलला होतात ना बाबांशी?”

साक्षीदाराला मी नेहमी शिकवत आलो की विचारलं तेवढंच सांगायचं. हो किंवा नाही. आपण होऊन स्पष्टीकरण जोडलं की माणूस फसतो. स्पष्टीकरणं माझ्याकडे होती. मुंज होती, कंबर होती.

“नाही,” मी म्हणालो.

“अजिबातच नाही?”

“नाही.”

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, हे तिला कळलं असावं. ती उठून आत गेली. नळाचा आवाज आला, चहाची भांडी घासल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती पदराला हात पुसत बाहेर आली, ओट्यावरून उतरून फाटकाशी गेली आणि कडी अडकवून परत आली. तुळस अजून होती.

सहा वाजून गेले होते. ती खुर्चीत बसली. मी निघतो म्हणालो. ती म्हणाली, “बसा ना काका,” पण ओट्यावर खुर्ची एकच होती, आणि आतून दुसरी आणू या असं तीही म्हणाली नाही, मीही नाही. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग फाटकाशी जाऊन कडी काढली, बाहेर आलो आणि आत हात घालून ती पुन्हा लावली.

सचिवांना आज उत्तर लिहिलं. विषय माझ्या अभ्यासाचा नाही, असं कळवलं आहे.